जुना डबा, नवा टॉवर



‘अपग्रेड’ हा शब्द ऐकला की हल्ली माझं डोकं तापतं. शब्द तसा वाईट नाही. आमच्या शाळेच्या भाषेत सांगायचं तर ‘वरच्या वर्गात घालणे’. पण वरच्या वर्गात घालताना निम्मी मुलं दाराबाहेर उभी करायची आणि फळ्यावर ‘निकाल शंभर टक्के’ असं लिहायचं, याला मी सुधारणा म्हणणार नाही. घरोघरी बिनतारी इंटरनेट पुरवणाऱ्यांपैकी बरेचजण नेमकं हेच करतात, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून आजचा हा लेख. थोडा लांबला आहे आणि थोडा तांत्रिकही झाला आहे. पण मी मराठी घेऊन बी.ए. झालेली बाई. मला समजलं म्हणजे तुम्हाला समजेलच. :-)

शहरातल्या भाचे-पुतण्यांसाठी आधी थोडी पार्श्वभूमी. तुमच्या घरात भिंतीतून फायबर येतं. आमच्या कोकणातल्या वाडीत दोन डोंगर, एक वहाळ आणि पन्नास जणांच्या जमिनी ओलांडून ती तार आणायची कोणी? म्हणून सड्यावर एक टॉवर, त्यावर रेडिओ, आणि प्रत्येक घराच्या छतावर टॉवरकडे तोंड करून एक लहानसा पांढरा डबा. कोणी त्याला डिश म्हणतं, कोणी अँटेना. डब्यातून एक वायर घरात येते, तिला वाय-फायचा राउटर जोडला की झालं. मोबाईलसारखं हे फिरतं नाही. डबा एकदा बसवला की जागचा हलत नाही. मध्ये माडाची झावळी आली तरी याला सर्दी होते, हा भाग निराळा.

आता तक्रार. २०१९ साली मी चार हजार रुपये मोजून असा डबा विकत घेतला. भाड्याने नव्हे, विकत. गेल्या वर्षी कंपनीने सड्यावरचा रेडिओ बदलला आणि एका सकाळी आमच्या वाडीतल्या अकरा घरांचे डबे मुके झाले. डब्यांना काहीही झालेलं नव्हतं. दिवे लागत होते, वीज जात-येत होती, पावसाळे काढलेले डबे ठणठणीत होते. कंपनीचा मुलगा आला. (माझाच विद्यार्थी, आठवी ‘ब’.) म्हणाला, “बाई, जुनं मॉडेल आहे. नवीन टॉवरला लागत नाही. कंपॅटिबल नाही.”

“अरे, मग बदलण्याआधी सांगायचं नाही का?”

“आम्हालाच आदल्या दिवशी कळलं, बाई.”

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. नव्या डब्याचे साडेपाच हजार मागताना त्याचीच मान खाली होती. कंपनीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. आमची छोटी, तुमची मोठी असेल, वागण्याची तऱ्हा तीच. मला बोलायचं आहे ते ‘कंपॅटिबल नाही’ या दोन शब्दांबद्दल.

हे दोन शब्द असे उच्चारले जातात की जणू तो निसर्गनियम आहे. समुद्राला भरती येते, पावसाळ्यात लाकूड फुगतं, आणि जुना डबा नव्या टॉवरला लागत नाही! मंडळी, हे खरं नाही. लहरी त्याच असतात. पाच गिगाहर्ट्झच्या लहरीला काल काय आणि आज काय, सारखंच. बदलते ती दोन यंत्रांनी आपसात बोलायची भाषा. आणि नव्या यंत्राला जुनी भाषा शिकवायची की नाही, हे कोणीतरी माणूस खुर्चीत बसून ठरवतो. निर्णय त्याचा, आणि भुर्दंड मात्र आपला.

याची उलट बाजूही आपण पाहिली आहे. १९८२ साली दूरदर्शन रंगीत झालं. १५ ऑगस्टचा कार्यक्रम आणि मग दिल्लीचे आशियाई खेळ. त्या दिवशी देशातले कृष्णधवल टीव्ही बंद पडले का? नाही पडले. कारण रंगीत प्रक्षेपणाची पद्धत आखणाऱ्यांनी उजेड-अंधाराचं चित्र पूर्वीसारखंच ठेवलं आणि रंगाची माहिती त्याच लहरीवर वेगळी, वरून बसवली. रंगीत संच ती वाचायचा, जुना संच तिच्याकडे दुर्लक्ष करून काळं-पांढरं चित्र दाखवायचा. ज्याला रंग हवे होते त्याने पैसे टाकले. ज्याला परवडत नव्हते त्याचं ‘छायागीत’ काही थांबलं नाही. ही सोय आपोआप झालेली नव्हती. घरोघरी जुने संच आहेत, त्यांचं काय होईल, हा प्रश्न कोणीतरी आधी विचारला होता.

तीस वर्षांनी, केबल डिजिटल झाली तेव्हा तो प्रश्न कोणी विचारला नाही. मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ आणि पुणे-नागपुरात ३१ मार्च २०१३ ही मुदत ठरली. सेट टॉप बॉक्स घ्या, नाहीतर पडदा काळा. बरं, पैसे देऊन घेतलेला तो बॉक्स दुसऱ्या केबलवाल्याकडे चालेल म्हणाल, तर तेही नाही. बॉक्स कोणाकडेही चालले पाहिजेत अशी शिफारस ट्रायने केली ती एप्रिल २०२० मध्ये, म्हणजे लोकांचे पैसे जाऊन सात वर्षं झाल्यावर. वरात गेल्यावर मांडव घातला!

घरातलं वाय-फाय घ्या. त्याची पहिली गाजलेली आवृत्ती १९९९ ची, सेकंदाला फार तर ११ मेगाबिट देणारी. मग २००३, २००९, २०१३, २०२१ अशा नव्या आवृत्त्या येत गेल्या. तरी आजचे बरेचसे राउटर २.४ गिगाहर्ट्झवर त्या पहिल्या बोलीतही उत्तर देऊ शकतात. हे कसं जमतं? नवं यंत्र आपल्या वेगवान भाषेत बोलण्याआधी जुन्या संथ बोलीत एक छोटी सूचना देतं, ‘जरा थांबा, आता मी बोलणार आहे.’ जुनी यंत्रं तेवढा वेळ गप्प बसतात. किती साधी, सभ्य युक्ती! मोठ्या पंगतीत आजोबांना कळेल अशा भाषेत एक वाक्य बोलून मग आपल्या गप्पा सुरू करण्यासारखी.

आता कोणी म्हणेल, घरातलं वाय-फाय वेगळं आणि टॉवरचं काम वेगळं. बरोबर आहे. घरात जो तो शांतता बघून बोलतो. टॉवरवर तसं चालत नाही, कारण चार किलोमीटरवरच्या दोन घरांना एकमेकांचा आवाज ऐकूच येत नाही. म्हणून टॉवर हजेरी घेतो. पहिला नंबर बोल, दुसरा नंबर बोल. प्रत्येकाला वेळेचा छोटासा तुकडा. ही हजेरी घेण्याची पद्धत प्रत्येक उत्पादकाने आपापली बनवलेली असते. म्हणून एका कंपनीचा डबा सहसा दुसऱ्या कंपनीच्या टॉवरला लागत नाही, आणि कधीकधी त्याच कंपनीचा जुना डबा नव्या टॉवरलाही लागत नाही.

पण ‘कधीकधी’ हा शब्द महत्त्वाचा. युबिक्विटी नावाच्या अमेरिकी कंपनीच्या जुन्या ‘एम’ मालिकेचे डबे आणि नंतरच्या ‘एसी’ मालिकेचे टॉवर-रेडिओ सुरुवातीला जुळत नव्हते. पुढे कंपनीने नव्या रेडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘मिक्स्ड मोड’ दिला आणि दोघे बोलू लागले. कँबियमच्या ‘ईपीएमपी ३०००’ या रेडिओलाही आधीच्या १००० मालिकेचे डबे सांभाळता येतात. म्हणजे छतावरच्या डब्याला स्क्रू-ड्रायव्हरही न लावता, नुसत्या सॉफ्टवेअरने काम झालं. ही उदाहरणं मला पुण्याच्या भाच्याने समजावून दिली, तो याच धंद्यात आहे. त्याचं म्हणणं एका वाक्यात: “मावशी, जमतं की नाही हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, जमवायचंय की नाही.”

जमवायचंच नाही असं ठरलं की काय होतं, ते वायमॅक्सने दाखवलं. आठवतंय का हे नाव? २००५ नंतर काही वर्षं वर्तमानपत्रांत रोज असायचं. खेड्यापाड्यांत बिनतारी इंटरनेट आता वायमॅक्सच आणणार म्हणून. त्याच्या दोन आवृत्त्या लागोपाठ आल्या. २००४ ची घरावर बसवायच्या यंत्रांसाठी, २००५ ची फिरत्या यंत्रांसाठी. नाव एक, घराणं एक, आणि एकीचा डबा दुसरीला लागत नाही! २०१० साली आपल्या सरकारने ब्रॉडबँडसाठी २३०० मेगाहर्ट्झच्या लहरींचा लिलाव केला तेव्हाही वायमॅक्सचा गाजावाजा होता. एप्रिल २०१२ मध्ये एअरटेलने कोलकात्यात त्याच लहरींवर सेवा सुरू केली ती मात्र एलटीईची, म्हणजे फोर-जीची. लहर तीच, भाषा दुसरी.

अमेरिकेतली गोष्ट तर माझ्यासारख्या शिक्षिकेला जास्तच लागते. तिथे २.५ गिगाहर्ट्झच्या काही लहरी १९६३ पासून शिक्षणासाठी राखून ठेवलेल्या होत्या. शैक्षणिक संस्थांनी त्या क्लिअरवायर कंपनीला वापरायला दिल्या, तिने त्यांवर वायमॅक्स उभं केलं, आणि बदल्यात शाळा, ग्रंथालयं, गरीब कुटुंबं यांना स्वस्तात इंटरनेट मिळू लागलं. २०१३ मध्ये क्लिअरवायर स्प्रिंट कंपनीकडे गेली. स्प्रिंटला एलटीई हवं होतं. नोव्हेंबर २०१५ मध्ये वायमॅक्स बंद करायचं ठरलं. तेव्हा मोबाईल बीकन आणि मोबाईल सिटिझन या दोन संस्था मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयात गेल्या. नव्या जाळ्यावर आम्हाला नीट जागा न देताच जुनं बंद केलं जातंय, असं त्यांचं म्हणणं. न्यायालयाने काही शहरांमध्ये ते जाळं आणखी काही काळ चालू ठेवायला लावलं. लक्षात घ्या, ‘तंत्रज्ञानाला थांबवू नका’ असं न्यायाधीश म्हणाले नाहीत. आधी लोकांना पलीकडे न्या, मग पूल पाडा, एवढाच त्याचा अर्थ.

आता दुसऱ्या बाजूचं ऐकून घेऊ. वर्गात वादविवाद स्पर्धा घेताना मुलांना मी हेच सांगायची, की समोरच्याचा सगळ्यात भक्कम मुद्दा आधी मांडा.

पहिला मुद्दा, जुना डबा सगळ्यांना मागे ओढतो. हे खरं आहे. हजेरीत प्रत्येकाला वेळ मिळतो, आणि तोच मजकूर संथ भाषेत सांगायला जुन्या डब्याला जास्त वेळ लागतो. तो वेळ शेजारच्याच्या वाट्यातून जातो. अडखळत वाचणाऱ्या मुलाला पान वाचायला दिलं की अख्खा वर्ग ताटकळतो, तसंच. पण म्हणून त्या मुलाचं नाव पटावरून कमी करायचं नसतं. त्याला शिकवायचं असतं. डबा शिकू शकत नाही, कबूल. मग तो बदलून द्या! सगळ्यांचा वेग वाढल्याने ज्याला चार नवी गिऱ्हाइकं मिळणार आहेत, त्याने तो खर्च उचलावा की ज्याचा चालता डबा निकामी झाला त्याने?

दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा. जुन्या डब्यांची सॉफ्टवेअर दुरुस्ती थांबते आणि चोरांना दार मोकळं होतं. हेही खरं. मे २०१६ मध्ये जुनं सॉफ्टवेअर असलेल्या अशाच बिनतारी यंत्रांमधून एक किडा जगभर पसरला होता. दुरुस्ती आधीच निघालेली होती, ती घातली गेली नव्हती इतकंच. पण डब्याची किल्ली, म्हणजे त्याचा पासवर्ड, कंपनीकडे. मला तर माझाच डबा उघडता येत नाही. मग दुरुस्ती घालणं कोणाचं काम?

तिसरा मुद्दा, सगळं जुनं कायम धरून कसं चालेल? नकोच धरायला. मद्रासच्या आयआयटीत प्रा. अशोक झुनझुनवाला यांच्या गटाने कॉरडेक्ट नावाची देशी बिनतारी पद्धत बनवली होती. भिंतीवरच्या एका डब्यातून फोनही आणि इंटरनेटही. अभिमानाची गोष्ट होती. पण तिचा इंटरनेटचा वेग सेकंदाला ३५ ते ७० किलोबिट. २००४ च्या सरकारी धोरणात ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ किलोबिट असं ठरलं, २०१३ मध्ये ५१२ झालं आणि २०२३ पासून २ मेगाबिट. आज नातवाशी व्हिडिओवर बोलायचं तर ७० किलोबिटवर त्याचं नाकसुद्धा दिसणार नाही. जुनं जाणार, ते गेलंच पाहिजे. माझं भांडण जाण्याशी नाही. न सांगता, न भरपाई देता, रात्रीत घालवण्याशी आहे.

आणि हे नीट करता येतं, हे मी स्वतः पाहिलं आहे. १९७५ साली महाराष्ट्रात जुन्या अकरावीची शेवटची आणि नव्या दहावीची पहिली एस.एस.सी. एकाच वर्षी झाली. मी नुकतीच नोकरीला लागले होते. दोन अभ्यासक्रम, दोन तऱ्हेच्या प्रश्नपत्रिका, एकच शाळा आणि तेच शिक्षक. ओढाताण पुष्कळ झाली, आम्ही कुरकुरही पुष्कळ केली. पण जुन्या अकरावीच्या मुलाला कोणी ‘तू कंपॅटिबल नाहीस’ म्हणून घरी पाठवलं नाही. नंतरही अभ्यासक्रम बदलला की नापास झालेल्यांना जुन्या अभ्यासक्रमाने बसायची संधी ठराविक काळापुरती मिळत असे, आणि ती शेवटची संधी कोणती हे आधी जाहीर होत असे. शिक्षण मंडळाला आपण इतकी नावं ठेवतो, पण जे त्या मंडळाला कागद-पेन्सिलीवर जमलं ते उपग्रहाच्या घड्याळावर टॉवर चालवणाऱ्यांना जमू नये?

तर माझं मागणं अगदी साधं आहे.

एक, डबा विकताना पावतीवर लिहा की हा कोणत्या पिढीचा आहे आणि निदान कोणत्या वर्षापर्यंत आम्ही तो चालवू. औषधाच्या बाटलीवर तारीख असते, बिस्किटाच्या पुड्यावर असते. हजारो रुपयांच्या डब्यावर का नको?

दोन, टॉवर बदलण्याआधी सहा महिने लेखी कळवा. मराठीत.

तीन, क्रम उलटा करा. आधी घरांवर असे डबे बसवा जे जुन्या टॉवरलाही लागतील आणि नव्यालाही. शेवटचं घर झालं की टॉवर बदला. तसे डबे नसतील तर दोन्ही रेडिओ काही महिने शेजारी-शेजारी चालवा. त्यांनी एकमेकांच्या बोलण्यात बोलू नये म्हणून वेळा जुळवाव्या लागतात, ते कटकटीचं आहे, मान्य. पण ती कटकट तुमच्या धंद्याचा भाग आहे.

चार, मुदतीच्या आत तुमच्या निर्णयाने डबा निकामी झाला तर तुम्ही बदलून द्या, आणि जुना घेऊन जा. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, जबाबदारी उत्पादकावर टाकलेली आहे. आमच्या गोठ्याच्या माळ्यावर नको.

कोणी म्हणेल, बाई, अकरा घरांसाठी एवढा मोठा लेख? मंडळी, प्रश्न अकरा घरांचा राहिलेला नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये एअरटेलने आणि १९ सप्टेंबर २०२३ ला, गणेश चतुर्थीला, जिओने फाइव्ह-जीवर चालणारी ‘एअरफायबर’ सेवा सुरू केली. त्यानंतर देशात लाखो छतांवर असे डबे चढले. तुमच्यापैकी कित्येकांच्या गच्चीवर आहेत. आणि फाइव्ह-जीतसुद्धा पोटजाती आहेतच. फोर-जीच्या टेकूवर उभं राहणारं एक, स्वतंत्र दुसरं. जिओने सुरुवातीपासून स्वतंत्र प्रकार निवडला, एअरटेलने २०२२ मध्ये टेकूच्या प्रकाराने सुरुवात केली. फक्त टेकूचीच भाषा येणाऱ्या यंत्राला स्वतंत्र जाळ्यावर फाइव्ह-जी मिळत नाही. उद्या सिक्स-जी येईल. तेव्हा हे लाखो डबे पुन्हा ठणठणीत अवस्थेत मुके होणार का? आज बोललो नाही तर होणार.

शहरातल्या माणसाचं एक नेट बंद पडलं तर दुसरं असतं. वाडीतल्या मुलाची ऑनलाइन परीक्षा, बागायतदाराचे बाजारभाव, परदेशातल्या लेकाशी बोलणं, सगळं एका डब्यावर लटकलेलं असतं. ज्याच्याकडे दुसरी वाट नाही, त्याचाच पूल न विचारता पाडला जातो. आमच्या अकरांपैकी चार घरांनी नवा डबा घेतलाच नाही. त्यांतल्या एका घरात दहावीतली मुलगी आहे. ती संध्याकाळी शेजारच्या पडवीत अभ्यासाला येऊन बसते. कंपनीच्या कागदावर मात्र आमची वाडी ‘अपग्रेड झालेली’ आहे.

तेव्हा एक गृहपाठ. (सवय जात नाही!) आजच आपल्या छतावरच्या डब्याचं मॉडेल बघून ठेवा, आणि पुढचं बिल भरताना एकच प्रश्न लेखी विचारा: हा डबा तुम्ही कोणत्या वर्षापर्यंत चालवणार? उत्तर बहुधा येणार नाही. तरी विचारा. एकाने विचारलं तर ते हसतील. वाडीने विचारलं तर फाईल उघडतील. तालुक्याने विचारलं तर पावतीवर तारीख छापतील.